ओठांवरचा स्टिकर आणि कपाळावरची टिकली



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. पण आपला निम्मा वर्ग आयटीत आहे आणि उरलेला निम्मा आमचं ऐकून कंटाळलाय. म्हणून आज मी नट्टापट्ट्यावर बोलणार आहे. बाई, शाळेत टिकली सोडून काही चालायचं नाही, हे लक्षात आहे. आज माफ करा!

अमेरिकेत २०११च्या सुमारास व्हायोलंट लिप्स नावाच्या एका छोट्या कंपनीनं ओठांवर लावायचे स्टिकर बाजारात आणले. बिबट्याचे ठिपके, इंद्रधनुष्य, असले प्रकार. आपल्या वेळी बबलगमबरोबर पाण्याचा टॅटू मिळायचा, आठवतो? तंत्र साधारण तेच. स्टिकर ओठांच्या मापानं कापायचा, कोरड्या ओठांवर दाबायचा, वरून ओला बोळा फिरवायचा. कागद सुटतो, नक्षी राहते. काही तासांनी तेल लावून काढायची.

मला आवडली ती यातली कात्री. प्रत्येकाचे ओठ वेगळे. शंभर मापं काढत बसलं तर छोटी कंपनी बुडेल. म्हणून शेवटचं कापणं गिऱ्हाइकाच्या हाती. इतकं सुटसुटीत उत्तर आमच्या मीटिंगमध्ये क्वचितच निघतं. तेव्हा असल्या धंद्याला हसू नका.

पण एक गोष्ट आमच्या धंद्यापेक्षा अवघड आहे. आमचं काही चुकलं तर उद्या दुरुस्ती पाठवता येते. ओठांची त्वचा अगदी पातळ. तिथे ना घामाच्या ग्रंथी, ना केसांची मुळं. आणि ओठांवर जे लावाल, त्यातलं थोडं चहाबरोबर पोटात जातं.

हे मला आमच्या मावशीमुळे कळलं. आजी मेण लावून कुंकू लावायची. मावशीच्या वेळी चिकटणारी टिकली आली. काही वर्षांनी तिच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडला. डाग झाकायला तिनं मोठी टिकली घेतली, तर डागही मोठा झाला. लोक कोड म्हणू लागले. मावसबहिणीच्या लग्नाच्या बोलण्यांत दोन ठिकाणी तोच प्रश्न निघाला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोष टिकलीच्या गोंदाचा आहे.

काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. काही जणींच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी ते मारतं. खाज न येताही डाग पडू शकतो, म्हणून उशिरा कळतं. टिकली बंद केल्यावर काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. मावशीचा आला नाही.

आपल्या ग्रुपवर कुणी घरचं काजळ विकतं, कुणी साबण, कुणी लिप बाम. मला त्याचं कौतुकच आहे. फक्त एवढं करा. आपल्याकडे १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. विक्रीसाठी माल बनवायला परवाना लागतो, तो काढा. डबीवर घटक लिहा. घेणाऱ्यांनी आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. आणि टिकलीखालचा रंग फिकट वाटला, तर मोठी टिकली घेऊ नका. टिकली थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

प्रयोगशाळेत लेबल नसलेल्या बाटलीला सर हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हा आम्ही त्यांना चिडवायचो. सर, आता मी मुलीच्या मेकअपच्या डब्यातली प्रत्येक डबी उलटून वाचते. त्यात ओठांचे स्टिकरही आहेत. ते मी फेकलेले नाहीत, आधी मागची बाजू वाचली.