कॉम्प्युटरच्या खोलीची चावी कोणाकडे?

(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



हप्त्यांचा विषय दुपारी आहेच. मी बोलणार आहे पोरांच्या संध्याकाळबद्दल. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ. मुलगा मोबाईल घेऊन पारावर जातो. मुलगी हंडा उचलते, नाहीतर धाकट्याला कडेवर घेते. आणि ज्या शाळेत कॉम्प्युटर आहेत, तिथे त्या वेळी खोलीला कुलूप असतं.

पोरांना कॉम्प्युटर मोकळा दिला तर काय होतं, हे लोकांनी करून पाहिलंय. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत भोक पाडून कॉम्प्युटर बसवला. शिकवायला कोणी नाही. तरी पोरं एकमेकांचं बघून शिकली. पुढे असे कॉम्प्युटर बऱ्याच गावांत बसले, आपल्या सिंधुदुर्गातही. या गोष्टीचं फार कौतुक झालं. पण मागाहून अभ्यासकांनी जाऊन पाहिलं तेव्हा दुसरी बाजू दिसली. पुढे मोठे मुलगे, खेळ चाललेले, मुली मागे. उत्तराखंडात अल्मोड्याकडे तर ते बंदच पडलेले आढळले. रस्त्यावरच्या गर्दीत आपली पोरगी धक्काबुक्की करून पुढे जाईल का? आणि गेली, तर घरी काय ऐकून घेईल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता अमेरिकेतल्या बोस्टनचं ऐका. तिथल्या कॉम्प्युटर संग्रहालयात सुट्टीत एक कार्यशाळा झाली. ती संपल्यावरही गरीब वस्तीतली काही पोरं चोरून आत शिरायची, आणि पहारेकरी त्यांना हाकलायचे. पोरांना शिकायचंय, पण जायला जागा नाही, हे नॅटली रस्क आणि मिचेल रेस्निक यांनी ओळखलं. १९९३ मध्ये त्यांनी शाळा सुटल्यावर येण्यासाठी कॉम्प्युटर क्लबहाऊस काढलं. तिथे पाठांतर नाही, परीक्षा नाही. ज्याला जे बनवायचंय ते त्यानं बनवायचं. पण सोबत मोठं माणूस असतंच. रागवायला नाही, अडलं तर बसायला. रेस्निक यांच्याच गटानं २००७ साली स्क्रॅच आणलं. रंगीत ठोकळे एकाला एक जोडून गोष्ट, खेळ, चित्र बनवता येतं. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं. आपल्याकडे रेंजचं काय आहे ते माहीतच आहे.

हे परदेशातलं झालं म्हणाल, तर मुंबईची धारावी घ्या. नवनीत रंजन यांच्या धारावी डायरी या कामात वस्तीतल्या शाळकरी मुली ॲप बनवायला शिकल्या. त्यांनी काय बनवलं? एक ॲप पाण्याच्या रांगेचं. नंबर लावायचा, पाळी आली की फोनवर कळतं. दुसरं बायकांच्या सुरक्षेचं, संकटात निरोप पाठवणारं. नळावर ताटकळणाऱ्या पोरीलाच रांगेचं ॲप सुचणार. आपल्या मुलींना काय सुचेल, हे मला बघायचंय.

मग आपण करायचं काय? नवीन कॉम्प्युटरच्या मागे आज लागू नका. आधी आहेत ते उघडा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या तरी बायका असाव्या लागतात, त्यातल्या बऱ्याच आपल्याच गटांतल्या. त्यांनी विषय लावावा: आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर दीड तास. त्यातला एक दिवस फक्त मुलींचा. हा दिवस कोणी काढायला लागलं तर सोडू नका. बाकी तडजोड चालेल, इथे नाही.

खोलीत रोज एक बाई बसेल, गटागटानं पाळी लावून. 'मला तर कॉम्प्युटर चालू करता येत नाही' असं कोणी म्हणेल. येऊ नये का? पोरं शिकवतील. तुमचं काम दार उघडं ठेवायचं, हजेरी लिहायची, आणि अंधार व्हायच्या आत पोरी जोडीनं घरी निघाल्या का ते पाहायचं. बंद पडलेलं मशीन वहीत लिहायचं, म्हणजे दुरुस्तीला पाठपुरावा करता येतो. नुसतं 'चालत नाही' म्हटल्यानं कोणी येत नाही.

आणि घरी एक करावं लागेल. त्या दिवशीचा हंडा दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जायला हवा. मुलाच्या म्हटलं तर हसलात, बघा!

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं तीन गोष्टी लिहून आणा: शाळेत चालू कॉम्प्युटर किती, चावी कोणाकडे, आणि पहिल्या आठवड्यात बसणाऱ्या बाईचं नाव.