एमडी, मोहफूल आणि राज्याचा कायदा

मेफेड्रोन हे रसायन 1929 मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाले आणि पुढची सत्तरेक वर्षे ते कोणाच्या खिजगणतीतही नव्हते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते नशेच्या बाजारात उतरले. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात ते एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, अनुसूचीत आले ते 5 फेब्रुवारी 2015 रोजी. मधल्या काळात मुंबईत ‘म्याव म्याव’ आणि ‘एमडी’ या नावांनी त्याच्या पुड्या खपत होत्या. पोलिसांच्या हाती पुडी लागायची, कलम लागायचे नाही. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याची शिक्षा मागाहून देता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 20 सांगतो. त्यामुळे आदल्या दिवशी विकलेली पुडी अधिसूचनेच्या कक्षेत येत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मात्र 2 ग्रॅमहून कमी ते अल्प प्रमाण, 50 ग्रॅमहून अधिक ते व्यावसायिक प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाणाला 10 ते 20 वर्षांची सक्तमजुरी.

ही उणीव एका खात्याच्या ढिलाईची नव्हती. ती कायद्याच्या रचनेतच आहे. एनडीपीएसची अनुसूची ही रसायनांच्या नावांची यादी असून कलम 3 प्रमाणे तीत भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. डिझायनर ड्रग बनवणाऱ्याचे सारे कसब ही यादी चुकवण्यात असते. रेणूचा एखादा कोपरा बदलला की नशा तीच राहते, नाव बदलते. अशा नव्या पदार्थांची संयुक्त राष्ट्रांकडे झालेली नोंद 1,200 च्या वर गेली आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने मार्च 2010 मध्ये ‘के-टू’ या कृत्रिम गांजातील रसायनांवर बंदी आणली, पाठोपाठ इतर राज्यांनीही आणली. विक्रेत्यांनी रसायन बदलले आणि पाकिटे पुन्हा दुकानांत आली. अखेर बऱ्याच राज्यांनी सुटी नावे सोडून रसायनांचे वर्गच बंदीखाली घेतले. ब्रिटनने 2016 मध्ये त्याही पुढे जाऊन मेंदूवर परिणाम करणाऱ्या कोणत्याही पदार्थाची विक्रीच गुन्हा ठरवली आणि मग दारू, तंबाखू, चहा-कॉफीतले कॅफिन, औषधे व अन्न यांना सूट देत बसावे लागले.

इतकी रुंद व्याख्या कुठवर जाऊ शकते, हे मेळघाटात समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या सेमाडोहच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाला झाडून पहाटे फुले वेचली जातात. कोरकू घरांत ती वाळवून ठेवतात, खातात, विकतात, दारूही गाळतात. पैकी फक्त शेवटची गोष्ट कायद्याच्या डोळ्यांवर आली आणि फुलावरच टाच आली. 1892 चा मोहफुलांचा कायदा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुले बंधनात ठेवली. महाराष्ट्राने ही बंधने सैल केली ती 2021 मध्ये. तेव्हा राज्याने स्वतःचा कायदा करून व्याख्या करायचीच तर ती रसायनांच्या वर्गाची असावी, ‘नशा आणणारे काहीही’ अशी नसावी.

राज्याला असा कायदा करता येतो का? येतो. ‘औषधे व विषे’ हा विषय समवर्ती सूचीत, नोंद 19 मध्ये आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर अनुच्छेद 254 प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, एवढेच. महाराष्ट्राने हा अधिकार आजवर वापरला तो पदार्थ ठरवण्यासाठी नव्हे, माणूस अडकवण्यासाठी. 1981 च्या एमपीडीए कायद्याखाली अमली पदार्थांच्या गुन्हेगाराला स्थानबद्ध करता येते. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मकोकात दुरुस्ती करून अमली पदार्थांचा व्यापार संघटित गुन्हेगारीत घातला. पण मकोका लागायला टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे असावी लागतात, आणि मुळात पदार्थ अनुसूचीत असावा लागतो. यादीबाहेरची नवी पूड विकणारा नवखा माणूस दोन्हींतून निसटतो.

शिक्षा वाढवणे सोपे. सिद्ध करणे अवघड. 2015 मध्येच सातारा जिल्ह्यात एका पोलिस शिपायाच्या घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी पूड एमडी म्हणून जप्त झाली होती. वर्तमानपत्रांनी कोट्यवधींच्या किमती छापल्या आणि पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ती पूड अजिनोमोटो निघाली. जागेवर किटमध्ये टाकलेल्या चिमटीचा रंग बदलला म्हणजे पुरावा झाला असे नाही. नमुन्याचा आलेख ज्या प्रमाणित नमुन्याशी ताडायचा, तो नवीन रसायनाच्या बाबतीत प्रयोगशाळेकडे असेलच असे नसते. अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी हे नमुने आणि माणसे पुरवणे हे राज्याच्याच हातातले काम आहे, त्याला दिल्लीची अधिसूचना लागत नाही.

कारखान्यांचेही तसेच. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून टनांवारी इफेड्रिन पकडले. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडी बनत असल्याचे उघड झाले. हा माल रानातून येत नाही. तो वीजजोडणी, पाणी आणि सांडपाणी असलेल्या शेडमधून येतो. अशा शेडची नोंद एमआयडीसी, कारखाने निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे या ना त्या रूपात असते, फक्त चारही दप्तरे एकमेकांना भेटत नाहीत. बंद पडलेली शेड कोणी भाड्याने घेतली आणि कोणता कच्चा माल आणला, हे कळवण्याची सक्ती राज्याच्या कायद्यात बसू शकते.

राहिला वेळेचा प्रश्न. अमेरिकेत धोकादायक नवा पदार्थ दोन वर्षांपुरता तातडीने यादीत घालता येतो आणि गरज पडल्यास आणखी एक वर्ष मुदत मिळते. तेवढ्यात शास्त्रीय तपासणी करायची असते. महाराष्ट्राने कायदा केला तर त्यातही अशा तात्पुरत्या आदेशाची तरतूद हवी. त्या आदेशात रसायनाचा वर्ग नेमका लिहिलेला असावा, औषध कंपन्यांचे व विद्यापीठांचे संशोधन वगळलेले असावे आणि मुदतीत प्रयोगशाळेचा अहवाल विधिमंडळापुढे आला नाही तर आदेश आपोआप संपावा.