पत्राला कुलूप, लिफाफा उघडा



2018 च्या आरंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. नागरिकांच्या दूरध्वनींचे तपशील, ज्यांना सीडीआर म्हणतात, ते बेकायदा मिळवून विकल्याचा त्यांच्यावर आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. सीडीआरमध्ये संभाषणातील एक अक्षरही नसते. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यातून फोन केला एवढेच असते, आणि तेवढ्यालाच बाजारात गिऱ्हाईक मिळते! संपाच्या आदल्या रात्री कल्याणच्या कामगाराने डोंबिवलीतील कोणत्या पाच जणांना फोन केले हे मालकाला कळले, तर त्यांचे बोलणे ऐकण्याची त्याला गरजच काय?

मजकुराचे रक्षण करणारे शास्त्र आज सामान्य माणसाच्या खिशात आहे. कधीही न भेटलेल्या दोन माणसांना उघड्या तारेवरूनच गुप्त किल्ली ठरविता येते, हे डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये दाखविले. याच तत्त्वाच्या आधारे 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. पण कोण कोणाशी बोलतो, हे मधल्या यंत्रणेपासून आपोआप लपत नाही. पत्राला कुलूप आहे, लिफाफ्यावरील पत्ता उघडा आहे.

येथे प्रश्न गणिताचा उरत नाही, जाळ्याच्या रचनेचा होतो. 2016 मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन आदेशान्वये सिग्नलकडे खातेदारांची माहिती मागण्यात आली. खाते केव्हा उघडले आणि शेवटचा संपर्क केव्हा झाला, याखेरीज देण्याजोगे तिच्याजवळ काही नव्हते. जे साठविलेच नाही ते हिसकावून घेता येत नाही. उलट मे 1974 च्या रेल्वे संपात रुळांच्या कडेच्या तारा आणि टेलिफोन प्रशासनाच्याच मालकीचे होते. संपकऱ्यांना निरोप माणसांकरवीच धाडणे भाग होते.

1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. लोहियांचा त्यात सहभाग होता. प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई. तरीही नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला, कारण माहीतगार तंत्रज्ञच फुटला. आजच्या दोनशे जणांच्या गटात एक फोन जप्त झाला वा एकाने पडद्याचे छायाचित्र बाहेर दिले, तर सर्वोत्तम कुलूपही व्यर्थ ठरते.

1885 च्या तार कायद्याने सरकारला दिलेला संदेश अडविण्याचा अधिकार 2023 च्या दूरसंचार कायद्यातही कायम आहे. 2021 च्या नियमांनी तर संदेशाचा मूळ प्रेषक हुडकून देण्याची सक्ती मोठ्या कंपन्यांवर घातली. व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. तोवर शाखांनी गट लहान ठेवावेत, सभासदांची एकत्र यादी फोनवर फिरवू नये, जुने संदेश आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था करावी आणि दूरच्या साठवणीत जाणाऱ्या प्रतीलाही कुलूप घालावे. हे शेवटचे काम बहुतेकजण विसरतात.