माघार आणि मुसंडी

फुटबॉलच्या मैदानावर आपले गडी मागे घेऊन उभा राहिलेला संघ दिसला, की प्रेक्षक त्याला भित्रा म्हणून मोकळे होतात. हा निवाडा घाईचा आहे. एक माघार पळून जाण्याची असते. दुसरी झेप घेण्यापूर्वी दोन पावले मागे सरण्याची. प्रतिस्पर्धी चाल करून आला म्हणजे त्याच्या पाठीमागचे मैदान ओस पडते. चेंडू हिसकावून तो क्षणार्धात त्या ओसाड जागी पोहोचविणे, हेच या डावपेचाचे मर्म होय. गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्या महाराष्ट्राला ते निराळे समजावून सांगावयास नको.

इटलीत या बचावतंत्राला ‘कातेनाच्यो’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ दाराचा अडसर. हेलेनियो हेरेरा यांच्या इंटर मिलान संघाने १९६४ व १९६५ साली युरोपीय चषक जिंकला, तो याच तंत्रावर. परंतु तो अडसर वेळेवर निघतही असे. फाकेत्ती हा डावा बचावपटू संधी दिसताच धावत जाऊन गोल करून येई. जो अडसर कधी निघतच नाही, त्याच्या आतला माणूस सुरक्षित नसतो. तो कोंडलेला असतो.

श्रोतेहो, भारतात हा विचार रुजविणारा पुरुष हैदराबादचा होता. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्या शिकवणुकीखाली हैदराबाद पोलीस संघाने मुंबईत येऊन १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक नेला. रहीमसाहेब अशा स्पर्धा भरवीत, की ज्यांत चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास मनाई असे. चेंडू आला, की एका स्पर्शात तो सोबत्याकडे गेलाच पाहिजे. प्रतिहल्ल्याचे सारे बळ या एका सवयीत आहे. कारण चेंडू पायाशी रेंगाळला, तर तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष परतून आपली जागा धरतो.

१९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. अनेक भारतीय खेळाडू त्या दिवशी अनवाणी होते. नुसत्या धैर्याने भागत नाही, हा धडा रहीमसाहेबांनी घेतला. चार वर्षांनी मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाला पूर्वार्धात एकही गोल करता आला नाही. उत्तरार्धात प्रथम गोल केला तो मुंबईच्या नेव्हिल डिसोझा याने. पुढे सामना १-४ असा गेला खरा. पण तटबंदी उभी राहू शकते आणि तिच्यातून मुसंडीही मारता येते, हे सिद्ध झाले.

ब्राझीलने १९५८ साली जगप्रसिद्ध केलेली ४-२-४ ही रचना रहीमसाहेबांनीही भारतीय संघाकडून गिरवून घेतली. मागे चार, पुढे चार आणि मध्ये केवळ दोघे. या दोघांना बचावात धावावे लागे, आक्रमणातही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा भार वाहणाऱ्यांत गोव्याचे सुपुत्र फॉर्च्युनाटो फ्रँको होते.

त्या स्पर्धेत दक्षिण कोरियाने आरंभीच भारताला २-० असे हरविले होते. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात तोच प्रतिस्पर्धी समोर आला. प्रेक्षकांचा विशाल समुदाय भारतावर रुष्ट होता. जर्नेलसिंग हा भारताचा भरवशाचा बचावपटू. कपाळावर टाके पडलेल्या या वीराला रहीमसाहेबांनी आघाडीला धाडले. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला खुद्द जर्नेलने गोल केला. त्यानंतर मात्र कसोटी होती धीराची. कोरियाला गोल मिळाला तो पंच्याऐंशीव्या मिनिटाला. उरलेली पाच मिनिटे फळी अभंग राहिली आणि सुवर्णपदक भारताचे झाले.

हैदराबादजवळच्या गोवळकोंड्याने १६८७ साली औरंगजेबाच्या सैन्याला आठ महिने थोपविले. अखेर फितुरीने एक दरवाजा आतून उघडला आणि किल्ला पडला. बचावाच्या फळीचेही तसेच आहे. एकाने आपली जागा सोडली, तर बाकीच्यांचे शौर्य वाया जाते.

रहीमसाहेब त्या विजयानंतर वर्षभरही जगले नाहीत. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. मागे सरावे कधी आणि झेपावे कधी, हा विवेक त्यांनी शिकविला. दुर्बळांना तो बलवानांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.