अष्टमुडीच्या तिसऱ्या

कोकणात आपण ज्यांना तिसऱ्या म्हणतो, तशाच शिंपल्या केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत मिळतात. 1980 च्या दशकात त्यांच्या मांसाला परदेशातून मागणी आली आणि उपसा बेसुमार वाढला. 1990 नंतर काही वर्षांतच शिंपल्या निम्म्यावर आल्या.

मग नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ, तेव्हा काढणी पूर्ण बंद. यंत्रानं उपसा नाही. जाळीचा डोळा किमान 30 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण अंगठ्याच्या पेराएवढा. होडीवरचा माणूस जाळी पाण्यात हलवतो, तशी बारीक पिल्लं खळखळ खाली पडतात आणि पुन्हा रेतीत रुततात. पुढच्या हंगामाचं बियाणंच ते! तीन महिने कमाई थांबवणं हातावर पोट असणाऱ्याला किती जड जात असेल, पण तिथल्या शिंपलीवाल्यांनी ते निभावलं. याचं मला फार मोल वाटतं.

2014 मध्ये अष्टमुडीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. तुम्हीही बाजारात तिसऱ्यांचा वाटा घेताना शिंपल्या केवढ्या आहेत, तेवढं जरूर बघा. अगदीच बारीक असतील, तर कोळीणमावशींना तसं सांगा.