घरातले जुने शिवणयंत्र : ओळख आणि निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई किंवा शाळेच्या बाई बोलतात. यंदा कार्यवाहबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचे मला काही सांगता येणार नाही. पण ज्या यंत्रावर वीस वर्षे हात बसला आहे, त्याच्याविषयी चार उपयोगाच्या गोष्टी सांगते.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत माळ्यावर, पलंगाखाली नाहीतर जिन्याच्या कोपऱ्यात जुने शिवणयंत्र पडलेले आहे. चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत, सामानाची हलवाहलव चालली आहे, आणि ‘नव्या जागेत हे कुठे ठेवायचे?’ म्हणून पहिली गदा येते ती या यंत्रावर. भंगारवाला ते काट्यावर घालतो आणि लोखंडाच्या भावाने नेतो. द्यायचेच असेल तर खुशाल द्यावे. पण आपण काय देतो आहोत हे आधी ओळखावे, एवढेच माझे मागणे आहे.

ओळखायचे कसे? वरचे सोनेरी नाव पाहून भुलू नये. नाव पुन्हा चिकटवता येते. सिंगरचे यंत्र असेल तर उभ्या खांबाच्या बुडाशी, उजव्या हाताला, लोखंडात ठोकलेला क्रमांक शोधावा. ओल्या फडक्याने घासू नये. तेलाचे बोट फिरवले की अक्षरे उठून दिसतात. नुसते आकडेच असतील तर यंत्र साधारण १९०० सालापूर्वीचे. आकड्यांच्या आधी ‘वाय’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातले, बहुतेक १९२१ ते १९३५ या काळातले. ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील तर त्याच कारखान्यातले, पण १९३५ च्या नंतरचे. ‘जी’ असेल तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एलिझाबेथ गावचे. या याद्या माझ्या मुलीने मोबाइलवर काढून दिल्या. तो क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव अजून ‘सिंगर’च आहे. कारखाना गेला, स्टेशनाला नाव उरले. आपल्या गिरणगावातल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी ओळख पोटातली. डावीकडची सरकती पट्टी उघडून पाहावी. आत होडीच्या आकाराचे शटल आणि काडीसारखी लांब बॉबिन असेल, तर ती फार जुनी तऱ्हा. तिच्या बॉबिनी आता सहज मिळत नाहीत, म्हणून एकही हरवू देऊ नये. गोल बॉबिन डब्यासारख्या केसमध्ये घालून बाजूने बसवावी लागत असेल, तर आपल्या ओळखीचीच जात. १९३० च्या दशकात कलकत्त्यात जय एंजिनिअरिंगने ‘उषा’ यंत्र काढले; तेव्हापासून आपल्या देशात झालेली घरगुती काळी यंत्रे बहुतेक याच घडणीची. म्हणून त्यांची बॉबिन, केस, सुई आजही मिळते. असे यंत्र बंद असले तरी मेलेले नसते, हे ध्यानात ठेवा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. २००९ साली सौदी अरबस्तानात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो. लोक सुईजवळ मोबाइल धरून परीक्षा घेऊ लागले आणि पडीक यंत्रांना लाखांचे भाव आले. पोलिसांना ती निव्वळ फसवणूक असल्याचे सांगावे लागले. अशी यंत्रे लाखांनी तयार झाली होती. केवळ जुने म्हणून कोणतेही यंत्र सोन्याचे होत नाही. कोणी दारात येऊन भलता भाव सांगू लागला तर दार लावून घ्यावे. यंत्राची खरी किंमत ते टीप कशी मारते यावर.

आता निगा. पहिला नियम : खोबरेल किंवा खाण्याचे तेल कधीही घालू नये. ते आत चिकट होऊन डिंकासारखे बसते आणि चाक फिरेनासे होते. शिवणयंत्राचेच पातळ तेल आणावे, आणि प्रत्येक भोकात एकच थेंब. मग चिंधी घेऊन थोडी टीप मारावी, म्हणजे जादा तेल चिंधीत उतरते आणि नव्या ब्लाउजवर डाग पडत नाही. पायमशीन असेल तर खालच्या सांध्यांनाही थेंब द्यावा. पट्ट्याला मात्र तेल लावू नये, तो घसरतो.

यंत्र जखडले असेल तर जोर करू नये. सांध्यांत तेल सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी चाक हलके पुढेमागे करावे. दोनतीन दिवस धीर धरला तर पुष्कळ यंत्रे सुटतात. रॉकेल वापरलेच तर आतल्या लोखंडापुरते, चुलीपासून दूर, आणि नंतर पुसून पुन्हा तेल द्यावे. काळ्या चकचकीत अंगाला स्पिरिट तर मुळीच लावू नये. वरचा लेप विरघळतो आणि सोनेरी वेलबुट्टी फडक्यावर येते.

दातांखाली धाग्यांची लोकर साचते. महिन्यातून एकदा सुईखालची पत्र्याची पट्टी उघडून जुन्या ब्रशने ती काढावी. ‘यंत्र टाका सोडते’ म्हणून कारागिराला बोलावण्याआधी सुई बदलून पाहावी. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा. मलमलीला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ किंवा १८. खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ झाली तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबाचा पाय वर उचलून दोरा पुन्हा नीट ओवावा.

पावसाळ्यात यंत्रावर प्लॅस्टिक घालू नये, आत दमट होऊन गंज चढतो. जुन्या लुगड्याचे आच्छादन उत्तम. लाकडी फळीला वाळवी लागत नाही ना, हे भिंतीच्या बाजूने वाकून बघावे. जुन्या यंत्राला कोणी मोटर बसवली असेल आणि तिची वायर कडक होऊन तडकली असेल, तर वायर बदलल्याशिवाय बटण दाबू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. माझ्या सासूबाईंचे यंत्र ‘वाय’ अक्षराचे, म्हणजे त्यांच्याही जन्माआधीचे. जुन्या बाजारातून घेतलेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत आमचे मामंजी. मी तेव्हा या घरात आले नव्हते, सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले सांगते. गिरणीचा भोंगा बंद झाला आणि आमच्या खोलीत चाक फिरू लागले. परकर, झबली, पिशव्या, मिळेल ते त्यांनी शिवले. घरातले पितळ गेले, गळ्यातले गेले. एकदा यंत्रालाही गिऱ्हाईक आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “भांडी विकली तर पानावर जेवू. हे विकले तर पानावर वाढायचे काय?” पुढे २०२० साली टाळेबंदीत माझ्या यजमानांचे काम थांबले, तेव्हा त्याच यंत्रावर मी मास्क शिवले.

गांधीजी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध बोलत, तरी १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता, असे वाचले आहे. थोरांनी ज्याला सूट दिली, त्याला आपल्या नव्या घरात दोन हात जागा मिळू नये काय?

मंडळाला माझी एक सूचना आहे. हलवाहलवीत ज्यांना यंत्र नकोच असेल त्यांनी ते भंगारात न देता मंडळाच्या खोलीत आणून द्यावे. तेलपाणी मी करीन. ज्या मुलीला शिकायचे आहे, ज्या बाईला चार पैसे हवे आहेत, तिच्या ते पायाखाली येईल.