"नंतर नेतो, काकू"

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतं "आरोग्यविषयक माहिती" एवढंच छापलंय. ते मुद्दाम. पूर्ण विषय छापला असता तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, असं आपल्या सेक्रेटरीबाईंचं मत पडलं. आता सगळे बसला आहात, आणि बटाटेवडे भाषण संपल्यावरच मिळणार आहेत, तेव्हा सांगून टाकते. मी बोलणार आहे एचआयव्हीबद्दल, आणि तेही समलिंगी पुरुषांच्या संदर्भात.

कुजबुज ऐकू आली बरं का! असू दे. काही वर्षांपूर्वी मीही शेजारणीला कोपरखळी मारली असती.

माझी ओळख बऱ्याच जणांना आहे. माहेर सांगलीचं, शिक्षण बी. फार्म., आणि गेली अनेक वर्षं इथल्या एका अपोतेकमध्ये, म्हणजे औषधाच्या दुकानात, नोकरी. आज मी जी हकिगत सांगणार आहे ती ज्याची आहे, त्याला विचारूनच सांगते आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तेव्हा "कोण बरं हा?" म्हणून शोधत बसू नका.

२०१८ चा नोव्हेंबर. बाहेर नेहमीचा बारीक पाऊस. काउंटरवर पंचविशीतला एक मुलगा आला. पडद्यावर आडनाव पाहिलं आणि मला कोण आनंद! मी डच सोडून सरळ मराठीत म्हटलं, "अरे, आपल्याकडचा का तू?" त्याने दचकून वर पाहिलं. "काकू, तुम्ही गणपतीच्या कार्यक्रमात होतात ना?" मी म्हटलं, "होते की! पहिल्या रांगेत." त्याने माझ्या हातातल्या औषधाच्या पिशवीकडे पाहिलं, मग दाराकडे. "जरा घाई आहे. नंतर नेतो, काकू." आणि गेला.

तो परत आला नाही. काही दिवस पिशवी फळीवर राहिली, मग नियमाप्रमाणे औषध परत ठेवलं. ते औषध होतं प्रेप.

प्रेप म्हणजे काय ते आधी सांगते. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एका गोळीत असतात. एचआयव्ही नसलेल्या माणसाने ती आधीपासून घेतली, तर विषाणू अंगात आला तरी त्याला मूळ धरता येत नाही. मलेरियाच्या भागात जाताना आपण गोळ्या घेतो ना, तसंच काहीसं. समलिंगी पुरुषांमध्ये इंग्लंडात एक आणि फ्रान्स-कॅनडात एक असे दोन अभ्यास झाले. २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. दोन्हीकडे उत्तर एकच, नवी लागण ८६ टक्क्यांनी कमी! त्यात गोळ्या नीट न घेणारेही धरलेले होते. नीट घेणाऱ्याला संरक्षण याहून जास्त मिळतं. मात्र ती डोकेदुखीच्या गोळीसारखी मनाने घ्यायची गोष्ट नाही. सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी करावी लागते, मूत्रपिंडं आणि कावीळ ब तपासावी लागते, आणि मग दर तीन महिन्यांनी तपासणी.

तो मुलगा पुन्हा भेटला तो २०२१ मध्ये, स्टेशनवर. गाडीला उशीर होता. (हॉलंडातही होतो, आपण उगाच भारताला नावं ठेवतो.) तो स्वतःच जवळ आला, आणि बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं.

त्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमात एक प्रहसन होतं. त्यात एक पुरुष लचकत मुरडत येतो, बाकीचे त्याच्यापासून लांब पळतात, आणि "याचा चहाचा कप वेगळा ठेवा हं" असा एक विनोद होता. हॉलमध्ये हशा पिकला होता. तो मुलगा मागच्या रांगेत होता. मला म्हणाला, "काकू, तुम्ही खूप हसत होतात. म्हणून तुमच्या हातून ते औषध घ्यायचा धीर झाला नाही. उद्या सगळ्या मराठी मंडळींत होईल आणि तिथून नाशिकला आईच्या कानावर जाईल, असं वाटलं."

मंडळी, औषधाच्या दुकानात गुप्ततेचा कायदा आहे. मी कुणाला काही सांगितलं नसतं. पण हे त्या पोराला कसं कळावं? त्याने पाहिलं होतं ते माझं हसणं.

त्यानंतर त्याने ती गोळी घेतलीच नाही. २०१९ च्या सप्टेंबरपासून इथल्या जीजीडीमार्फत प्रेपचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. (डच उच्चार "खेखेडे". एवढे 'ख' एका दमात म्हणायला मला दोन वर्षं लागली!) तिथे मराठी माणूस भेटणार नाही, अशा हिशेबाने तो गेला. नियमाप्रमाणे आधी एचआयव्हीची चाचणी झाली. ती पॉझिटिव्ह आली. जी गोळी घ्यायला तो गेला होता, तिची वेळ निघून गेली होती.

माझ्यामुळेच झालं, असं तो म्हणाला नाही. कंडोम एक-दोनदा वापरला नाही, ती चूक माझीच, असंच म्हणाला. पण ती पिशवी माझ्या हातात होती, हे मला विसरता येत नाही. त्या दिवसापासून मी या विषयावर वाचायला लागले. आज त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या पिढीच्या मनात एड्स म्हणजे १९८० च्या दशकातली भीती. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. ॲमस्टरडॅममध्ये कितीतरी तरुण गेले. पण या देशाने एक शहाणपणा केला. डॉक्टर, आरोग्यखातं आणि समलिंगी लोकांच्या संघटना एका टेबलाशी बसल्या. १९८४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या समलिंगी पुरुषांचा दीर्घकाळचा अभ्यास सुरू झाला. ठरावीक महिन्यांनी ही मंडळी येत, रक्त देत, अगदी खासगी प्रश्नांची उत्तरं देत. त्यांच्या रक्तातून जगाला या रोगाबद्दल खूप काही कळलं. ज्यांना आपण विनोदात उडवतो, त्यांचं हे ऋण आपल्यावर आहे.

१९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली आणि मरणाच्या दारातले लोक उठून कामाला लागले. ती औषधं गरीब देशांत पोचावीत म्हणून झटणारे ॲमस्टरडॅमचे डॉ. यूप लांगे १७ जुलै २०१४ रोजी एमएच-१७ विमानात गेले. ते एड्स परिषदेसाठीच मेलबर्नला निघाले होते. आणि आपली मुंबईसुद्धा यात मागे नाही. २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला. त्याआधी तो दहा हजारांच्या वर होता!

आता सगळ्यात महत्त्वाचं. उपचार घेणाऱ्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होते का? याचं पहिलं भक्कम उत्तर २०११ मध्ये मिळालं. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा अभ्यास होता. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. या अभ्यासाच्या केंद्रांपैकी एक होतं पुण्यात, भोसरीला, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत. दुसरं चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या संस्थेत. या बाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. १९८६ मध्ये भारतातले पहिले एचआयव्हीचे रुग्ण त्यांच्याच चमूने शोधून काढले होते.

पण ती बहुतेक जोडपी स्त्री-पुरुषांची होती. समलिंगी पुरुषांचं काय? ते उत्तर २०१९ मध्ये आलं. युरोपातल्या १४ देशांतली ७८२ पुरुष जोडपी. एकजण उपचारावर, रक्तात विषाणू न सापडण्याइतका कमी. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. जोडीदाराकडून लागण किती जणांना झाली? शून्य! १५ जणांना एचआयव्ही झाला खरा, पण विषाणूची जनुकं तपासली तेव्हा तो जोडीदाराचा नव्हता, बाहेरून आलेला होता. म्हणजे रोज गोळी घेणारा आणि सहा महिने ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, असा माणूस शरीरसंबंधातून कुणालाही एचआयव्ही देत नाही. आणि चहाच्या कपातून, जेवणाच्या ताटातून तर तो कधीच कुणाला झाला नव्हता.

मग कंडोम कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर असं, की प्रेप आणि उपचार फक्त एचआयव्हीचं बघतात. गरमी, परमा हे जुने रोग अजून आहेत, आणि त्यांना अडवायला कंडोमच हवा. शिवाय तो स्वस्त, मिळायला सोपा, आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्याच्याबरोबर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये, रबर फाटतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण मिळतं, ते घ्यावं. आणि कंडोम फाटला, राहून गेला, तर रडत बसू नये. ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, जीजीडीला किंवा रुग्णालयात गाठायचं. २८ दिवसांचं औषध असतं, त्याने लागण टळू शकते.

चाचणीचंही सांगते. हाउसआर्ट्सकडे जाऊन केली तर प्रयोगशाळेचं बिल आपल्या आयखन रिसिकोतून जातं, आणि विम्याचा कागद घरी येतो. विद्यार्थ्यांना याचीच धास्ती. जीजीडीमध्ये समलिंगी पुरुषांची चाचणी फुकट होते आणि नाव न सांगताही करता येते. एवढी माहिती त्या मुलाला आधी कुणी दिली असती तर!

या सगळ्याचा परिणाम दिसतो. नेदरलँड्समध्ये २००८ च्या सुमारापासून नव्या रुग्णांची संख्या उतरत आली आहे. मग अडतं कुठे? उशिरा चाचणी करणाऱ्यांपाशी. आणि उशीर का होतो, तर लाज आणि भीती. ती गोळीने जात नाही.

भारतातही काळ बदललाय. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट काम करतो आहे, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिऱ्यांनी तर या विषयावर मराठीतून पुस्तकं लिहिली आहेत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कचाट्यातून या माणसांना सोडवलं. गंमत बघा, त्याच महिन्यात आपण इथे ते प्रहसन बघून हसत होतो. न्यायालयाला जे कळलं ते आम्हा पहिल्या रांगेतल्या लोकांना कळलं नव्हतं.

तो मुलगा आज ठणठणीत आहे. रोज एक गोळी, वर्षातून एक-दोनदा रुग्णालय. नोकरी उत्तम, जोडीदार आहे, आणि त्याला लागण नाही. आईला तो समलिंगी आहे हे माहीत आहे. आजाराचं मात्र अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "अरे, आई आहे ती. सांगून टाक." तर म्हणाला, "आई मला काही बोलणार नाही हो, काकू. पण ती रात्रभर जागेल, लोक काय म्हणतील म्हणून."

ते "लोक" म्हणजे कोण, मंडळी? आपणच की!

म्हणून माझी दोनच मागणी आहेत. आपल्या स्टेजवर तसलं प्रहसन पुन्हा नको. आणि घरात मुलं मोठी होत असतील, कुणाचा भाचा-पुतण्या इथे शिकायला आला असेल, तर जेवताना सहज एकदा बोलून जा, की या विषयाचं या घरात कुणाला वावडं नाही. कोण ऐकतंय ते आपल्याला कळणारही नाही. पण ऐकणाऱ्याला कळेल.

माझ्या दुकानात कुणी आलं, तर आता मी आधी आडनाव विचारत नाही. पिशवी हातात देते आणि नंतर, वाटलंच तर, मराठीत बोलते.

वडे गार होताहेत. प्रश्न असतील तर इथेच विचारा, किंवा खाता खाता एकटीला गाठा. दोन्ही चालेल.